प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आणि ठाणे-कल्याणचा श्रोता

लोकगायक प्रल्हाद शिंदे (१९३३ ते २३ जून २००४) यांचे नाव मराठी भक्तिगीत, लोकगीत आणि भीमगीत या तिन्ही प्रांतांत सारख्याच आदराने घेतले जाते. 'पाऊले चालती पंढरीची वाट', 'आता तरी देवा मला पावशील का', 'चल गं सखे पंढरीला', 'दर्शन दे रे दे रे भगवंता' ही त्यांची गाणी महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाहीत, असे घर शोधून सापडणे कठीण. त्यांच्या निधनाला वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर व अंबरनाथ या रेल्वेमार्गालगतच्या पट्ट्यात त्यांचा आवाज वर्षाच्या ठरावीक दिवशी हमखास कानी पडतो. या आवाजाशी येथील श्रोत्यांचे जडलेले नाते कसे घडले, ते कशावर उभे आहे आणि ते आज कोणत्या वळणावर आहे, याचा हा मागोवा.

एक आवाज, दोन मंडप

हे नाते समजून घेण्यासाठी दोन प्रसंग डोळ्यांसमोर आणावेत. पहिला प्रसंग चाळीतील सत्यनारायणाच्या पूजेचा. चाळकऱ्यांनी वर्गणी काढलेली असते, अंगणात मंडप पडलेला असतो आणि पोथी सुरू होण्यापूर्वी लाऊडस्पीकरवाला 'ऐका सत्यनारायणाची कथा' लावतो. त्या पाठोपाठ पंढरीची गाणी येतात. दुसरा प्रसंग १४ एप्रिलचा. निळ्या पताकांनी सजलेल्या वस्तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमेसमोर मेणबत्त्या तेवत असतात आणि ध्वनिक्षेपकावरून भीमगीते चालू असतात. या दोन्ही मंडपांत प्रल्हाद शिंदे यांचा आवाज असतो. मंडपांतील माणसे मात्र बहुधा वेगळी असतात. एका मंडपातील श्रोता दुसऱ्या मंडपात सहसा जात नाही आणि एकाच गायकाच्या आवाजाने आपण बांधले गेलो आहोत, याची जाणीवही त्यांतील अनेकांना नसते.

विठ्ठलाची आर्त विनवणी करणारा हा गायक आंबेडकरी समाजातून आलेला होता. पूजेच्या मंडपात त्यांचे गाणे भक्तिभावाने ऐकणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते, त्यांना ते आश्चर्याचे वाटते. वस्तुतः त्यांच्या गाण्यातील आर्ततेचे मूळ शोधायचे, तर ते येथेच शोधावे लागते.

मंगळवेढ्याचा वारसा

शिंदे घराण्याचे नाते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याशी आहे. हा संतांचा प्रदेश होय. दामाजीपंतांचे हे गाव. चोखोबांचा अंतही येथेच झाला. गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली सापडून १३३८ साली चोखामेळा गेले, असे परंपरा सांगते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या आणि त्यांची समाधी विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर बांधली गेली. ज्याला हयातीत देवळाच्या आत पाऊल टाकता आले नाही, त्याला मृत्यूनंतरही जागा मिळाली ती दाराबाहेर.

मंगळवेढ्यापासून पंढरपूर अवघ्या पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला हे अंतर ओलांडता येत नव्हते. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि त्यानंतर विठ्ठल मंदिराचे दार सर्वांसाठी उघडले. त्या वेळी प्रल्हाद शिंदे सुमारे चौदा वर्षांचे होते. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि लक्षावधी लोकांनी जुन्या देवदेवतांकडे पाठ फिरवली. एका पिढीच्या आयुष्यात बंद दार उघडले आणि त्या दाराकडे जाण्याची गरजही उरली नाही. ज्या गायकाने पुढे घराघरांत विठ्ठल पोहोचविला, तो या पिढीचा होता.

कव्वालीच्या शाळेत

गाण्याचा वारसा प्रल्हाद शिंदे यांना वडील भगवानराव आणि आई सोनाबाई यांच्याकडून मिळाला. मुंबईत आल्यानंतर त्यांच्या गळ्यावर संस्कार झाले ते कव्वालीचे. प्रसिद्ध कव्वाल इस्माईल आझाद यांच्या पार्टीत ते कोरसमध्ये गात असत. १९५८ च्या 'अल हिलाल' चित्रपटातील 'हमें तो लूट लिया' या कव्वालीमुळे ज्यांचे नाव देशभर झाले, तेच हे इस्माईल आझाद.

कव्वालीच्या फडाने गायकाला तीन गोष्टी दिल्या. पहिली, वरच्या पट्टीत न चिरकता टिकणारा खुला आवाज. ध्वनिक्षेपकाची साधने तोकडी असलेल्या काळात उघड्या मैदानावरील शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायचे, तर अशा आवाजावाचून गत्यंतर नव्हते. दुसरी, शब्दांचा स्वच्छ उच्चार. कव्वालीत शेर कळला नाही तर दाद मिळत नाही, म्हणून कव्वाल शब्द कधी गिळत नाही. तिसरी, मुखडा कोरसच्या हाती सोपवून स्वतः त्यावर चढत जाण्याची रीत. यामुळे समोर बसलेला श्रोता दोन-तीन आवर्तनांत आपोआप कोरसमध्ये सामील होतो.

'पाऊले चालती' हे दत्ता पाटील यांचे गीत आणि मधुकर पाठक यांचे संगीत. हे गाणे ऐकताना या तिन्ही गोष्टींचा प्रत्यय येतो. चाल साधी, ठेका वारीच्या पावलांचा. पण आवाज फेकण्याची पद्धत फडावरची. अभंगाची शांत बैठक आणि कव्वालीची हाक यांचा हा मिलाफ मराठी भक्तिगीतात त्यापूर्वी फारसा ऐकू आला नव्हता.

कल्याणकरांच्या कानाला ही हाक परकी नव्हती. शहराच्या दक्षिणेस असलेल्या मलंगगडावर हिंदू आणि मुसलमान भाविक पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत आणि माघी पौर्णिमेच्या यात्रेत कव्वाली हा तेथील रिवाजच होय. कव्वाली आणि भजन ही दोन्ही ज्याने लहानपणापासून ऐकली, अशा श्रोत्याला प्रल्हाद शिंदे यांचा आवाज पहिल्या क्षणी ओळखीचा वाटावा, यात नवल नाही.

गाण्यातील माणूस कोण?

प्रल्हाद शिंदे यांच्या गाण्यांना भक्तिगीते म्हटले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि त्या गाण्यांत बोलणारा माणूस कोण, हे पाहिले तर एक वेगळीच गोष्ट ध्यानात येते. 'पाऊले चालती' मधील वाटसरू हा आनंदाने वारीला निघालेला सुखवस्तू भाविक नाही. तो दारिद्र्याने गांजलेला आहे, त्याच्या ताटात भाकरी उरलेली नाही आणि सगेसोयऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली आहे. जगाने सर्व बाजूंनी दारे लावल्यावर ज्याची पावले आपसूक पंढरीकडे वळतात, त्याचे हे गाणे आहे.

'आता तरी देवा मला पावशील का' हे गीत लोककवी हरेंद्र जाधव यांचे. जाधव हे स्वतः आंबेडकरी चळवळीतील कवी आणि अनेक भीमगीतांचे कर्ते. या गाण्याच्या मुखड्यातील 'आता तरी' हे दोन शब्द फार बोलके आहेत. मागणारा आज प्रथमच मागत नाही. त्याने पुष्कळ वाट पाहिली आहे आणि आजवर काही मिळालेले नाही, हे त्या दोन शब्दांतच आले. शिवाय ओळीच्या शेवटी प्रश्न आहे. देवावर विश्वास आहे, पण देव पावेलच अशी खात्री नाही. विनवणी आणि जाब या दोहोंच्या सीमेवर हे गाणे उभे आहे. प्रल्हाद शिंदे ते गातात तेही याच सीमेवरून. आवाजात लाचारी नाही, रागही नाही. दीर्घकाळ दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाचा थकलेला, पण न मोडलेला सूर आहे.

भीमगीतांत हाच आवाज कृतज्ञतेचा होतो. तेथे मागणे संपलेले असते. ज्याने दार उघडून दिले, त्याच्या नावाचा जयघोष असतो. आंबेडकरी जलशांची परंपरा १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आदींनी रुजविली. वामनदादा कर्डक (१५ ऑगस्ट १९२२ ते १५ मे २००४) यांच्या गीतांनी ती वस्तीवस्तीत नेली. पुढे गायन पार्ट्यांच्या रात्ररात्र चालणाऱ्या कार्यक्रमांतून ती बहरली. प्रल्हाद शिंदे हे या परंपरेतील मोठे नाव. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे हे दोघे २००४ च्या एकाच उन्हाळ्यात, अवघ्या सहा आठवड्यांच्या अंतराने गेले. भीमगीतांच्या श्रोत्यांसाठी तो उन्हाळा पोरके करणारा ठरला.

उपनगरांचा श्रोता

ठाणे जिल्ह्यातील रेल्वेलगतची शहरे ही मुख्यतः बाहेरून आलेल्यांची शहरे आहेत. फाळणीनंतर निर्वासितांसाठी उल्हासनगर वसले. अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे येथे कारखाने उभे राहिले. कल्याण हे मोठे जंक्शन असल्याने रेल्वे कामगारांच्या वसाहती झाल्या. १९७२ च्या दुष्काळाने घाटावरची माणसे मुंबईकडे लोटली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातील अनेक कुटुंबांनी परळ-लालबागची खोली सोडून डोंबिवली-कल्याणची वाट धरली. सोलापूर, सातारा, सांगली, नगर, नाशिक, कोकण अशा निरनिराळ्या मुलखांतून आलेल्या या माणसांना गाव सुटल्याचे दुःख समान होते.

अशा श्रोत्याला पंढरीच्या वाटेचे गाणे दुहेरी अर्थाने लागते. गावाकडे वारीची परंपरा होती. येथे कारखान्याची पाळी आणि पावणेनऊची लोकल होती. आषाढीला रजा मिळणे दुरापास्त. मग ज्याला पंढरपूरला जाणे जमत नाही, तो शहाडच्या बिर्ला मंदिर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विठ्ठल मंदिरात रांगेत उभा राहतो. कल्याणच्या पुढील एका स्थानकाचे नावच विठ्ठलवाडी आहे. सकाळच्या गाड्यांतील भजनी मंडळे टाळ-मृदंगाच्या साथीने डब्यालाच देऊळ करतात. चालत जाण्याची वारी हुकलेल्या माणसाच्या मनात पावले चालत राहावीत, ही सोय या गाण्याने केली.

अन्य देशांतही याला समांतर उदाहरणे आहेत. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातून आलेला रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन (जन्म १९४९) याच्या १९८० च्या 'द रिव्हर' सारख्या गाण्यांत काम सुटलेल्या, लवकर संसारात अडकलेल्या कामगार तरुणाचे आयुष्य येते. औद्योगिक गावांतील श्रोत्यांना ती आपलीच कैफियत वाटली आणि अर्धशतक उलटले तरी ते त्याला सोडायला तयार नाहीत. वाद्ये वेगळी, भाषा वेगळी. पण ज्याच्या आवाजात आपले न बोललेले दुःख ऐकू येते, त्या गायकाशी श्रोता आयुष्यभर इमान राखतो, हे सूत्र तेच. फरक एवढाच, की स्प्रिंगस्टीनचा चाहता तिकीट काढून मैदानावर जातो आणि तेथे त्याच्यासारखे हजारो त्याला भेटतात. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज स्वतःच श्रोत्याच्या दारी येत असे. म्हणूनच त्यांचे चाहते एकमेकांना कधी भेटले नाहीत.

कर्ण्यापासून मोबाइलपर्यंत

हा आवाज दारोदार नेला तो तंत्रज्ञानाने. आधी तबकड्या होत्या. पण तबकडी वाजविण्याचे यंत्र मोजक्या घरांत असे. तिचा खरा श्रोता सार्वजनिक होता. मंडपवाल्याकडे यंत्र, कर्णे आणि तबकड्यांची पेटी असे आणि कोणती गाणी वाजणार हे पुष्कळदा तोच ठरवी. १९८० च्या दशकात टी-सिरीज, व्हीनस यांसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटचा बाजार उभा केला आणि हे चित्र पालटले. कॅसेट स्थानकाबाहेरच्या टपरीवर मिळू लागली, रिक्षात वाजू लागली, गावी जाताना पिशवीत जाऊ लागली. ज्या वर्गाला मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी आणि नभोवाणीने फारसे विचारात घेतले नव्हते, त्याची आवड प्रथमच बाजारात मोजली गेली. याच काळात प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद यांनी 'जवा नवीन पोपट हा' या गाण्याने अवघा महाराष्ट्र डोलविला.

कर्ण्याच्या जगाला कायद्याने मर्यादा आली ती २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकावरील निर्बंध अधिक ठाम केले. रुग्ण, विद्यार्थी आणि वृद्ध यांच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. पण रात्रभर चालणारे गायनाचे सामने त्यानंतर पूर्वीसारखे राहिले नाहीत, हेही खरे. आज तीच गाणी मोबाइलवर ऐकली जातात. पूर्वी संपूर्ण आळी एक गाणे ऐकत असे. आता एक माणूस आपल्या कानाशी ते ऐकतो. यात एक लाभही आहे. शेजाऱ्याला कळू न देता पूजेच्या मंडपातला तरुण भीमगीत ऐकू शकतो आणि निळ्या पताकांखालचा तरुण पंढरीचे गाणे. जे दोन मंडपांत विभागले होते, ते आता एकाच यादीत शेजारी शेजारी असते.

मानाच्या पंगतीत

या नात्याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर या वास्तूंमुळे येथील सांस्कृतिक जीवन समृद्ध झाले. नाट्यगीते, भावगीते आणि शास्त्रीय संगीत यांच्या मैफलींना येथे जाणकार श्रोता लाभतो आणि 'सांस्कृतिक नगरी' हे बिरुद डोंबिवली अभिमानाने मिरविते. परंतु मराठी सुगम संगीताचा सुवर्णकाळ म्हणून जी नावे अशा व्यासपीठांवरून घेतली जातात, त्यांत प्रल्हाद शिंदे यांचे नाव बऱ्याचदा मागे पडते. ज्यांची गाणी सर्वांत अधिक मंडपांत वाजली, त्यांना मैफलीच्या पंगतीत मानाचे पान उशिरा मिळावे, यामागे केवळ संगीताची अभिरुची आहे असे म्हणता येत नाही. लोकगीत गाणारा कोणत्या वस्तीतून आला, हा हिशेबही अभिरुचीच्या आड कुठे तरी लपलेला असतो.

घराण्याची तिसरी पिढी मात्र दोन्ही बाजूंना सहज वावरते. आनंद शिंदे यांचे पुत्र आदर्श शिंदे यांनी 'दुनियादारी' (२०१३) या चित्रपटातील 'देवा तुझ्या गाभाऱ्याला' हे गीत गायले आणि देवाला प्रश्न विचारणारा तो खुला, चढा सूर नव्या पिढीच्या तोंडी बसला. ज्या तरुणांनी आजोबांचे नाव ऐकले नव्हते, त्यांनाही तो सूर आपला वाटला. भीमजयंतीच्या कार्यक्रमांतूनही हाच गळा तितक्याच जोमाने गातो.

नात्याचे मर्म

बौद्ध धम्म स्वीकारलेल्या समाजातील गायकाने विठ्ठलाची गाणी गावीत, यात विसंगती आहे काय, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. लोकगायक हा बोलावणे येईल तेथे गातो. पोटासाठी गातो आणि ऐकणाऱ्याच्या भावनेशी इमान ठेवून गातो, हे त्याचे पहिले उत्तर. दुसरे उत्तर खुद्द गाण्यांतच आहे. गाभाऱ्यातून देवाचे वर्णन करणारे पुष्कळ आहेत. दाराबाहेरून देवाला हाक मारणाऱ्याचा आवाज मात्र ज्याने दार बंद पाहिले आहे, त्याच्याच गळ्यातून खरा उमटतो. चोखोबांच्या अभंगांत तो उमटला होता. सहाशे वर्षांनंतर ध्वनिक्षेपकावरून तो पुन्हा उमटला.

ठाणे-कल्याणच्या चाळीतल्या श्रोत्याने, मग तो कोणत्याही जातीचा वा धर्माचा असो, कुठले ना कुठले दार बंद पाहिलेले असते. गिरणीचे, कचेरीचे, गावच्या घराचे. त्यामुळे हा आवाज त्याला आपला वाटतो आणि गायकाची जात न विचारता तो डोळे मिटून ऐकतो. पण ऐकून झाल्यावर ती विचारून, समजून घेण्यात काही उणेपणा नाही. उलट, आपण ज्या आर्ततेने हेलावतो ती कोणत्या इतिहासातून आली, हे कळले तर गाण्याची गोडी वाढते आणि शेजारच्या मंडपाकडे पाहण्याची दृष्टीही बदलते. प्रल्हाद शिंदे यांचे स्मरण करण्याचा याहून उचित मार्ग दुसरा नसावा.